चार मिनिटांत काय होतं, दादा?

परवा जपानमधल्या आमच्या होक्काइदो बेटावरच्या गावात क्षेपणास्त्र हल्ल्याचा सराव झाला. भोंगा वाजला, खांबावरच्या कर्ण्यातून सूचना आली आणि भाजीच्या दुकानातली माणसं हातातली पिशवी खाली ठेवून काचेपासून लांब, आतल्या भिंतीशी डोकं झाकून बसली. मीही बसले. संध्याकाळी बेळगावला, शहापुरातल्या घरी फोन केला, तर दादा म्हणतो, "अगं, अणुबॉम्बच पडाला असला तर भिंतीशी बसून काय करालीस?"

मला ते फार लागलं.

इथे 2007 पासून जे-अलर्ट यंत्रणा आहे. उपग्रहामार्फत आलेला इशारा गावोगावच्या भोंग्यांवर आणि मोबाइलवर जातो. 29 ऑगस्ट 2017 ला उत्तर कोरियाने पहाटे 5:58 ला क्षेपणास्त्र सोडलं, 6:02 ला इथले मोबाइल वाजले आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत ते होक्काइदोवरून समुद्राकडे गेलं. एवढाच वेळ हाताशी असतो. खोटा इशाराही जातो. जानेवारी 2018 मध्ये हवाई बेटांवर गेला आणि तो चुकीचा होता हे सगळ्यांच्या मोबाइलवर कळवायला 38 मिनिटं लागली. तरीही इशारा हवाच.

कारण हिरोशिमा. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी तिथे इशारा वाजला होता, पण 7:31 ला धोका टळल्याचा भोंगा झाला. माणसं कामाला लागली, पोरं रस्त्यावर आली आणि 8:15 ला बॉम्ब पडला. स्फोटाच्या बरोबर खालच्या जागेपासून फक्त 170 मीटरवर एका काँक्रीटच्या इमारतीत एक कर्मचारी कागद आणायला तळघरात उतरला होता. तो वाचला आणि 1982 पर्यंत जगला. ती इमारत आजही उभी आहे. दादा, भिंत काय करते ते हे. सगळे वाचत नाहीत, पण स्फोटापासून लांब असलेले पुष्कळ वाचतात, काचांपासून आणि नंतरच्या किरणोत्सारी धुळीपासून.

आपलं बेळगाव काही कुणाच्या मागे नाही. मराठा रेजिमेंटचं केंद्र आपल्याकडे, सांब्र्याला हवाई दलाचा तळ. सीमेवर लढायला पोरं आपण देतो. मग इशारा आला की करायचं काय, हे आपल्या गल्लीत कुणी का सांगू नये? 2023 मध्ये आपल्या सरकारने मोबाइलवर इशाऱ्याच्या चाचणीचे संदेश पाठवले तेव्हा आईने घाबरून फोनच बंद केला होता. तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. इथे जपानमध्ये परक्यांसाठीच्या अ‍ॅपवर हा इशारा नेपाळीतसुद्धा येतो. खानापूर-निपाणीत तो कन्नडबरोबर मराठीतही यावा, एवढं मागणं म्हणजे कुणाशी भांडण नव्हे.

तोवर आईला एवढं सांगून ठेव: आपल्या माजघराला खिडकी नाही. भोंगा वाजला की तिथेच जायचं, दारं लावायची, पंखा बंद करायचा आणि पुढची सूचना येईपर्यंत गच्चीवर बघायला जायचं नाही.