साय, सायफन आणि आंबट झालेले क्रीम

काटोल तालुक्यातील आमच्या गावी मी घरून केक करून देते. वनस्पती तेलापासून केलेल्या तयार क्रीमऐवजी दुधाचेच क्रीम वापरायचे ठरवून गेल्या मे महिन्यात मी अर्धा लिटरचा सायफन, म्हणजे वायूच्या दाबाने क्रीम फुलवून बाहेर काढणारी तोटीची बाटली, मागवला. त्यासोबत चार्जर, म्हणजे ८ ग्रॅम वायूच्या बोटाएवढ्या पोलादी कुप्या, आल्या नव्हत्या. घरात सोड्याच्या बाटलीसाठी आणलेल्या तशाच कुप्या होत्या, त्यांतली एक नेमकी बसली आणि मी निर्धास्त झाले. क्रीम फुलून आले. सासूबाईंनी बोटभर चाखून विचारले, ‘‘आंबट काहून लागते वं?’’

सोड्याच्या कुपीत कार्बन डायऑक्साइड असतो. क्रीममधील पाण्यात तो विरघळला की कार्बनिक आम्ल तयार होते आणि जिभेवर चुणचुण येते. क्रीमसाठी लागतो तो नायट्रस ऑक्साइड; दोन्हींचा रेणुभार ४४ असला, तरी हा पाण्यात आम्ल करत नाही, चव जवळजवळ बदलत नाही आणि स्निग्धांशात चांगला विरघळतो. दाबाखाली विरघळलेला हा वायू नळीतून बाहेर पडताना दाब एकदम उतरल्यामुळे असंख्य बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, म्हणून रवीने किंवा बीटरने साधारण दुप्पट होणारे क्रीम सायफनमध्ये जवळपास चौपट फुलते. साधा नायट्रोजन इतका कमी विरघळतो की तो क्रीमच्या वरच दाब धरून बसतो, तर हवेतील ऑक्सिजनने स्निग्धांश खवट होतो. (दाताच्या दवाखान्यात गुंगीसाठी देतात तोच हा वायू, हे कळल्यावर घरात थट्टा झालीच, मी मात्र खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाच्या कुप्याच घेते.)

योग्य कुपी आल्यावरही दोनदा फसले. पहिल्यांदा तापवलेल्या दुधावरची साय घातली. तिच्या गुठळ्यांनी तोटी तुंबली, आणि जोरजोराने हलवल्याने आत चक्क लोणी निघाले. मग डेअरीतून सेपरेटरवर काढलेले, तलम गाळलेले क्रीम आणले, तर दुपारभर वीज नव्हती. बुडबुड्यांना आधार देतात ते स्निग्धांशाचे घट्ट कण, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ते वितळणारच. क्रीम ताकासारखे वाहिले. आता क्रीम आणि सायफन दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते, वीज गेली तर बर्फाच्या डब्यात, कुपी लावल्यावर चार-पाच वेळाच हलवते आणि उरलेला दाब पूर्ण सोडल्याखेरीज झाकण उघडत नाही.

एक मर्यादा मात्र कायम राहिली. जो वायू सहज विरघळतो तो बुडबुड्यांतून सहज निसटतोही, त्यामुळे सायफनचा फेस थोड्याच वेळात बसतो. केकवरची फुले मी अजून बीटरनेच फेटलेल्या क्रीमची काढते. सायफन वापरते तो संत्र्याच्या फोडींवर, पाहुणा वाटी हातात घेऊन बसल्यानंतर.