रेषा गेल्या कुठे?

"ताई, रेषा गेल्या," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढताच आमचा पेडण्याचा विद्यार्थी म्हणाला.

फोंड्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या मेंब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, बारीक नक्षी उठवायचं काम चालतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमधलं हे इलेक्ट्रोलाइट. आमचं जेमतेम ५० मायक्रॉन जाडीचं. प्रोटॉन त्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या वायरने. पलीकडे ही क्रिया घडवून आणतं ते प्लॅटिनम. ऑक्सिजन, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन तिन्ही पोचतील तिथलाच त्याचा कण कामाचा, बाकीचा नुसता खर्च. सपाट मेंब्रेनपेक्षा सरी-वरंबे असलेल्याला तेवढ्याच जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो. प्लॅटिनमचा भाव पाहता हा सगळा खटाटोप त्यासाठी.

सिलिकॉनच्या साच्यावर मेंब्रेन ८० अंश सेल्सिअसला दाबलं, की ठसा सुरेख उठायचा. पण सेल दिवसभर चालवून उघडला, तर मेंब्रेन जवळजवळ गुळगुळीत!

सगळ्यांचा संशय पाण्यावर. आषाढात इथे कपाटातले कागदसुद्धा सर्द होतात, आणि नॅफिऑन तर पाण्याचं भुकेलंच. उकळत्या पाण्यात लांबीला १५ टक्क्यांपर्यंत फुगतं. "मग कोरडाच तुकडा तापवून बघूया का?" पोराने विचारलं. डेसिकेटरमधला (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यातला) ठसा उठवलेला तुकडा मायक्रोस्कोपच्या तापणाऱ्या स्टेजवर ठेवला. पाण्याचा थेंब नाही, तरी ८० अंशांच्या आसपास वरंब्यांच्या धारदार कडा डोळ्यांदेखत बोथटल्या, मग सरी वर आल्या.

पाणी सुटलं निर्दोष. नॅफिऑन साधारण ५५ ते १३० अंशांच्या पट्ट्यात हळूहळू मऊ होतं, आणि ज्या तापमानाला आकार दिला तिथवर पुन्हा तापवलं की मूळपदावर येतं. ताओ शिए या संशोधकाने हे २०१० साली 'नेचर'मध्ये दाखवलं होतं. आमचा सेलही ८० अंशांनाच चालतो. म्हणजे नक्षी पुसायची सोय आम्हीच करून ठेवलेली. कुणी अशी नक्षी दाखवली, तर तिचे फोटो सेल चालवून उघडल्यानंतरचेही मागावेत, हे माझं मत तेव्हापासूनचं.

म्हणून पुढचा तुकडा त्या पट्ट्याच्याही वर, १४० अंशांना, बराच वेळ दाबाखाली ठेवून, दाब न सोडता थंड केला. मेंब्रेन किंचित पिवळसर झालं, पण ८० अंशांच्या पाण्यातून काढल्यावरही रेषा जागच्या जागी. सेलमध्ये बसवलं, तर भाराविना व्होल्टेज मात्र सपाट मेंब्रेनपेक्षा कमी. सरीच्या तळाशी मेंब्रेन पातळ होतं, तिथून हायड्रोजन पलीकडे झिरपत असावा. साचा करणाऱ्याला फोन करून सांगितलं, सरींची खोली निम्मी कर.