जमाखर्चाचे रकाने जुळवताना

आमच्या गावच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल यंदा माझ्याकडे आला. गेल्या वर्षीची वर्ड फाइल मिळाली, पण ती जुन्या मराठी फॉन्टातली. युनिकोडमध्ये आणली आणि जमाखर्चाचं पान पार विस्कटलं. सभासद वर्गणीची रक्कम एकीकडे, अनुदानाची दुसरीकडे. वार्षिक सभेत ज्येष्ठ सभासद रकमांवरून बोट फिरवत हिशेब तपासतात. एककाखाली एकक नसेल तर ते कसं जमणार?

कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबलं की न दिसणाऱ्या खुणा दिसतात. तसं केलं, तर ओळीओळीत नुसते ठिपके! एक ठिपका म्हणजे एक स्पेस. टाइपरायटरवर स्पेस मोजून रकाने जुळायचे, कारण तिथे गाडी दर वेळी ठरलेलंच अंतर सरकते. संगणकाच्या फॉन्टात मात्र ‘र’ला कमी जागा लागते, ‘क्ष’ला जास्त. फॉन्ट बदलला की सगळं गणित बदलतं.

देणगीदारांची यादी आधी घेतली. फाइंड-रिप्लेसमध्ये ‘यूज वाइल्डकार्ड्स’वर टिक केली. शोधायच्या चौकटीत एक स्पेस आणि लगेच महिरपी कंसात इंग्रजी २ व स्वल्पविराम. बदलायच्या चौकटीत कॅरेटचं चिन्ह आणि लहान टी. दोन किंवा जास्त स्पेसच्या जागी एकच टॅब आला, म्हणजे पुढचा मजकूर ठरवलेल्या जागी नेणारी खूण. नाव-आडनावातली एकेरी स्पेस शाबूत राहिली, हे फार महत्त्वाचं. मग सगळी यादी सिलेक्ट करून गावासाठी ८ सेंटिमीटरवर डावा टॅब आणि रकमेसाठी १५.९ वर उजवा टॅब लावला. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, दोन्हीकडे २.५४ समास, म्हणजे ओळ तिथेच संपते. उजव्या टॅबला ठिपक्यांचा लीडर दिला, म्हणजे मधली मोकळी जागा ठिपक्यांच्या रांगेने भरते; नजर नावावरून रकमेपर्यंत सरळ जाते.

जमाखर्चाला टॅब पुरत नाहीत. ‘इमारत दुरुस्ती व रंगकाम’ असा तपशील दुसऱ्या ओळीवर गेला की मांडणी बिघडते. तिथे सरळ टेबल घ्यावं, हिशेबाला तेच योग्य. चार रकाने केले, रकमांचे दोन उजवीकडे अलाइन केले आणि सगळ्या रकमांना पैशांचे दोन आकडे दिले, म्हणजे पूर्णांकाला .००. ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टु फिट कंटेंट्स’ची टिक काढली, नाहीतर लांब शब्द आला की रकाना आपोआप रुंदावतो. मथळ्याच्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ लावलं, त्यामुळे दुसऱ्या पानावरही ‘जमा’ आणि ‘खर्च’ आले.

नंतर लेखापरीक्षकांनी एक रक्कम बदलायला सांगितली. ९५०.०० च्या जागी १,२५०.०० टाकले, बाकी काही जागचं हललं नाही. छापखान्यात पीडीएफच दिली. तिथल्या संगणकावर आपला फॉन्ट असेलच असं नाही.