पुन्हापुन्हाचा खण अखेर सुटला, एक पत्ता सोडून

एका कागदी पत्त्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि जवळच्या अर्थाचे पत्ते पेटीच्या एका खणात लावायचे, हा माझा छंद. त्यातले रेमिटंट आणि इंटरमिटंट हे दोन पत्ते अखेर वेगवेगळ्या जागी बसले. अख्खा उन्हाळा ज्या खणाने डोकं खाल्लं तो एका प्रश्नाने मोकळा झाला, म्हणून ही नोंद गरमागरम टाकतोय. बगीच्याला पाणी द्यायचंय, पण थ्री फेज रात्री उशिरा येणार, तोवर वेळच वेळ आहे.

मागच्या नोंदींपासून सोबत असलेल्यांना दुखणं ठाऊक आहे. 'पुन्हापुन्हा घडणारं' या एका खणात इंग्रजी विशेषणांची नुसती जत्रा भरलीय: फ्रीक्वेंट, रिकरंट, रिकरिंग, पीरियॉडिक, पेरेनियल, कंटिन्युअल, कंटिन्युअस, इन्सेसंट, स्पोरॅडिक, क्रॉनिक. आपण बहुतेक जण असे भाऊबंद शिडीवर लावतो, क्वचित घडणारं खाली आणि उठसूट घडणारं वर. खाली स्पोरॅडिक, वर इन्सेसंट, इथवर कोणाची तक्रार नाही. मधे मात्र कोणी कोणाला जागा देईना. पीरियॉडिकचंच बघा. हॅलेचा धूमकेतू साधारण ७६ वर्षांनी येतो, १९८६ नंतर आता थेट २०६१ मध्ये, तो पीरियॉडिक. आणि घड्याळाचा लंबक क्षणाक्षणाला हलतो, तोही पीरियॉडिक. त्याला कोणती पायरी द्यायची?

शेजारचे काका एकेकाळी मलेरियाच्या कामावर होते, गावोगाव फिरून तापवाल्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या घ्यायचे. ओसरीवर पसरलेले पत्ते बघत बसले. इंटरमिटंट हा शब्द त्यांना तोंडपाठ, त्यांच्या धंद्यातलाच. रेमिटंटचा पत्ता शेजारी दिसला तशी म्हणाले, "अरे, हे दोन्ही एक कसे होतीन? मंधात ताप पुरा उतरते का, का थोडासा राह्यतेच, हे इचारा लागते ना बाप्पा!"

बस. इंटरमिटंट तापात पारा मधे काही तास पार नॉर्मलला येतो. रेमिटंटमध्ये दिवसभरात एक अंशाहून जास्त चढउतार होतो, पण नॉर्मलला टेकत नाही. कंटिन्युअस म्हणजे चढउतार एका अंशाच्या आतच आणि नॉर्मलचं नाव नाही. किती वेळा आला, हा प्रश्नच कुठे नाही. प्रश्न एकच: मधल्या वेळात काय होतं?

तोच प्रश्न घेऊन अख्खा खण पुन्हा लावला. कंटिन्युअसला मधली फट नाही. कंटिन्युअलला आहे, पण दम घेण्यापुरती. पीरियॉडिकच्या फटी सारख्या मापाच्या, मग त्या क्षणाच्या असोत की ७६ वर्षांच्या. स्पोरॅडिकच्या वेड्यावाकड्या. रिकरंटची फट एवढी मोठी की माणूस म्हणतो, गेलं एकदाचं, आणि तेवढ्यात ते परत येतं. रिकरिंगमध्ये परत येणं आधीच ठरलेलं, पोस्टातल्या आरडीसारखं. एक भागिले सात केलं की १४२८५७ हे आकडे त्याच क्रमाने येत राहतात, तेही रिकरिंग. (या दोघांत शब्दकोश फार फरक करत नाहीत. मी करणार. पेटी माझी आहे.)

तापांचं कुटुंब मिळालं ते वेगळंच घबाड. क्वोटिडियन म्हणजे रोजचा, टर्शन ४८ तासांनी, क्वार्टन ७२ तासांनी. नावात तिसरा-चौथा आणि ताप येतो दोन-तीन दिवसांनी, हे कसं? रोमन लोक मोजताना पहिला दिवसही धरायचे. आपल्याकडे आयुर्वेदातही हीच मोजणी दिसते: रोज एकदा येणारा अन्येद्युष्क, मग तृतीयक, चतुर्थक. आणि गंमत म्हणजे दिवसातून दोनदा चढणारा ताप तिथे 'सतत', तर न उतरता दिवसेंदिवस राहणारा 'संतत'. थिसॉरसवाला पीटर मार्क रोजे स्वतः डॉक्टर होता. त्याने १८५२ मध्ये कल्पनांनुसार शब्दांची मांडणी छापली, त्यालाही तापांची ही नावं ठाऊक असणारच.

लिहिता लिहिताच सुचलं: पत्त्याच्या वरच्या कडेला तापाच्या तक्त्यासारखी रेघच का काढू नये? उंचवटा म्हणजे घटना, सपाट म्हणजे फट. चार-पाच काढून पाहिल्या. शब्द झाकला तरी नुसत्या कडेवरून पत्ता ओळखू येतो! रेमिटंटची रेघ तळाला टेकत नाही, इंटरमिटंटची टेकते. पेन्सिल नटराजची बरी, जेल पेन पसरतं. पत्ते मात्र लग्नपत्रिकांचेच. ऑनलाइन मागवलेले कोरे पत्ते पापडासारखे निघाले, मे महिन्यात कडेने वळले. लग्नसराई संपली की गावात जाड पत्रिकांचा सुकाळ असतो, एक बाजू कोरी आणि फुकट. रबरबँडचा नाद सोडा, वरुडच्या उन्हात ते विरघळून पत्त्याला चिकटतात. सुतळी बांधा.

बायॅन्युअल आणि बायेनियल यांनी छळायचं ठरवलं होतं, पण ते बगीच्यातच सुटले. संत्र्याला वर्षात आंबिया आणि मृग असे दोन बहर येऊ शकतात, ते बायॅन्युअल. एक साल झाड लदबदून जातं आणि पुढच्या साली रुसतं, ते बायेनियल. पेरेनियलच्या पत्त्यावर तूर आणि कपाशी लिहिली. दोन्ही मुळात बहुवर्षायू झाडं, आपण दरसाल पेरतो आणि उपटतो, तो आपला हिशेब.

हॅबिच्युअल वेगळ्या खणात गेला, कारण त्याला सवय असणारा कोणी लागतो: गुन्हेगार हॅबिच्युअल असतो, पूर नसतो. रिपीटिटिव्हलाही फटीशी देणंघेणं नाही, तिथे तेच ते असण्याचा कंटाळा आहे. अडला तो बायमंथली. महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा, दोन्ही अर्थ शब्दकोशात शेजारी शेजारी. रेघ काढू तरी कोणती? असा शब्द वापरणारा तुम्हाला रक्कम देणार असेल, तर त्याच्याकडून आधी तारीख लिहून घ्या.

पुढे क्रियाविशेषणांची पेटी उघडणार होतो, ती दिवाळीनंतर. कारण आत्ताच लक्षात आलं की नद्यांनाही हेच शब्द लावतात: बारमाही ती पेरेनियल, हंगामात वाहणारी इंटरमिटंट, आणि पाऊस पडला तेवढ्यापुरता धावणारा आपला नाला एफेमेरल. तापावर चाललेला प्रश्न पाण्यावरही चालतो का, हे आधी तपासतो. ज्यांच्याकडे नदीनाल्यांचे पत्ते जमलेत त्यांनी कडेची रेघ काढूनच पाठवा, नुसता अर्थ नको.