चोप दिला, खटला ढिला

लहान मुलीवर लैंगिक अत्याचार झाला म्हणून देवळासमोर आरोपीला बडवून वदवून घेतलेली कबुली कोर्टात कवडीमोल ठरते. वर मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल होतो, आणि साक्षीदार म्हणून लागणारी तीच माणसं आरोपी होऊन बसतात. बचावपक्षाला आयतं घबाड!

गावकीच्या बैठकीपेक्षा घाई पुराव्याची करा. मुलीला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. पावसाळ्यात कपडे ओलेच असतात. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. सावलीत, वाऱ्यावर सुकवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी वैद्यकीय तपासणीला पाठवायचं असतं. पोक्सोत, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं नाव फिरवणं हाही गुन्हाच, आणि तो बहुधा कळवळ्यापोटीच होतो.

शिक्षा भोगून परतलेल्याचं काय? त्याच्यावर नजर ठेवणं पोलिसांचं काम. लैंगिक गुन्हेगारांची २०१८पासूनची राष्ट्रीय नोंदही फक्त तपास यंत्रणांनाच दिसते. गावकीनं त्याच्या घरच्यांना वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.