टिअरगार्टनमधले बटाटे

आज सुट्टी, कामं बाजूला टाकून दुपारभर जर्मनीचे जुने फोटो बघत बसले. त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००८ मध्ये जवळपास १ लाख फोटो विकिमीडियाला दिलेत, एकदा उघडलं की संपतच नाही हो. १९२३ च्या भयंकर महागाईतली, नोटांच्या गड्ड्यांशी खेळणारी पोरं बऱ्याच जणांनी पाहिली असतील (तेव्हा नोव्हेंबरात एक डॉलर म्हणजे ४.२ लाख कोटी मार्क, शून्यं मोजून बघा!), पण मी अडकले बर्लिनच्या टिअरगार्टनपाशी. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा फोटो, मागे राइशस्टागची, म्हणजे संसदेची, फुटकी इमारत आणि पुढ्यात चक्क भाजीचे वाफे. एकेकाळी राजांचं शिकारीचं रान, मग शहराची बाग, आणि कोळसा मिळेना म्हणून लोकांनी तिथली झाडं जळणाला तोडली, सुमारे २ लाखांतली जेमतेम ७०० उरली, मग मोकळ्या जागेत बटाटे नि भाज्या. शहराचा तो भाग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात, त्यांनीही परवानगी दिली, देणार नाहीत तर काय, लोक उपाशी होते. १९४९ ला महापौर एर्न्स्ट रॉयटरनी पुन्हा पहिलं झाड लावलं, लिंडनचं. त्यांचं नाव नीट नोंदलंय, वाफे खणणाऱ्या बायकांची नावं मात्र कुठेच नाहीत, याचा जरा रागच आला मला.