सरांनी ओळख करून दिलेले बाळंभटदादा

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असे पत्र आले. शाळेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मी फक्त आपल्या व्यायामाच्या सरांवर लिहितो. गणिताच्या सरांनी राग मानू नये.

बाळंभटदादा देवधर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी सरांच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकले. दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारात निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे पहिलवान आव्हान घेऊन आले, कोणी पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादांनी विडा उचलला. सप्तशृंगीवर मारुतीचा दृष्टांत झाला आणि त्यातून मल्लखांब आला, अशी कथा सांगतात. सरही ती रंगवून सांगत, पण लगेच पुढे जोडत की ११३५ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, म्हणजे खांब दादांच्या कितीतरी आधीचा. मागे पडलेली विद्या त्यांनी पुन्हा चालती केली, हे श्रेय सरांना दृष्टांतापेक्षा मोठे वाटे. मलाही वाटते.

पहिलवानाला खांब कशाला, याचे उत्तर सर अढीतून, म्हणजे खांबावर उलटे होऊन मांड्यांनी धरायच्या पकडीतून, देत. हातांनी खांब धरायचा, कंबर उचलून पाय डोक्यावरून वर न्यायचे, खांब मांड्यांत आवळायचा आणि मगच हात सोडायचे. नवख्याची चूक ठरलेली: तो पोटऱ्यांनी धरतो. पोटरीत तेवढी पकड नसते, शरीर सरकते, घाबरून हात पुन्हा खांबाला जातात. दुसरी चूक म्हणजे कंबर खांबापासून लांब राहणे. मग सगळा भार हातांवर येतो आणि पाय वर पोचतच नाहीत. “कंबर चिकटव, पाय आपोआप येतील,” हे सरांचे पालुपद. कुस्तीत पायांनी जोडीदाराला जखडायला हीच मांडी लागते. चढण्याआधी सर उतरायला शिकवत, कारण पडतो तो बहुतेक उतरताना, हात सैल सोडून.

एकदा कुठल्याशा समारंभासाठी कुणीतरी उत्साहाने आपल्या खांबाला चकचकीत ऑइलपेंट फासला. सरांनी कोणालाही बोल लावला नाही. काचेचा तुकडा घेऊन ते खरवडायला बसले. सागवानाची रंध्रे रंगाने बुजली की एरंडेल आत मुरत नाही, वरच राहते, आणि अंग सटकते. पुढे घामाने रंगाचे पापुद्रे सुटून छातीला टोचतात, ते वेगळेच. आधी खांबाच्या टोकाचे बोंड खरवडून झाले, मग त्याखालची निमुळती मान, मग खालचे जाड अंग, तेही वरून खाली, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवे खरवडले तर कुसे उभी राहतात. नंतर पॉलिशपेपर, आणि मग एरंडेलाचे हात, प्रत्येक हात मुरल्यावरच पुढचा, वर राहिलेले तेल फडक्याने पुसून. कोरड्या खांबावर कातडी सोलते, तेल जास्त झाले तर पकड जाते. या दोहोंमधला नेमका हात सरांना बोटांनी कळे. मी आता स्वतः मुलांना शिकवतो, पण तेल लावताना अजून सरांच्याच पद्धतीने जातो.

१९८१ मध्ये मल्लखांबाचा राष्ट्रीय महासंघ झाला, २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली, मुली दोरीच्या मल्लखांबावर देखणे काम करतात. हे सारे आनंदाचेच. खटकते ते एवढेच की आता पोरे पहिल्या महिन्यातच बोंडावरचे आसन मागतात, आणि पालकांना त्याचा फोटो हवा असतो. अढी, तेढी, दसरंग या सुरुवातीच्या प्रकारांवर वेळ घालवायला कोणी राजी नाही. मानेवरच्या पकडीत जोर नसताना बोंडावर चढलेला मुलगा मनगटावर पडतो, हे मी पाहिले आहे. सरांनी अशा मुलाला खाली उतरवून पुन्हा साध्या अढीला लावले असते, आणि पालकांना बाहेर बसवले असते.